जंगल साफ करून लावलेली काजूबाग चौथ्या पावसाळ्यानंतर पिवळी पडते, खत दिलं तरी परत पिवळी: काय तपासायचं, काय करायचं

तक्रार जवळपास सगळीकडून एकाच क्रमाने येते. डोंगरउतारावरचं रान तोडलं, फांद्या-पाचोळा जागच्या जागी पेटवला, जेसीबी लावून टप्पे पाडले आणि वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ ची कलमं लावली. पहिली दोन वर्षं कलमं जोरात उठली. तिसऱ्या वर्षी पालवी जरा बारीक आली, तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. चौथा पावसाळा सरला आणि दिवाळीच्या आसपास खालची पानं पिवळी पडायला लागली. खत दिलं, महिना-दीड महिना बाग हिरवी दिसली, मग पुन्हा तेच. दुकानातून फवारणीची बाटली आणली, फरक नाही. पुढच्या वर्षी खत वाढवलं तर बाग आणखीच बसली.

दोडामार्गकडे काजूच्या जागी सुपारी किंवा अननस असतो, लांजा-राजापूरकडे हापूस. पीक कुठलंही असो, दोन वर्षं झोकात, मग उतरण, आणि खताला तेवढ्यापुरता प्रतिसाद, हा क्रम तुमच्या बागेशी जुळत असेल तर पुढचं तुमच्यासाठी आहे. आज्या-पणज्यांच्या वेळची आंबराई अचानक पिवळी पडली असेल तर कारण बहुधा दुसरं. आणि रायगड-पालघरकडच्या बेसाल्टच्या काळपट मातीलाही हे निदान डोळे झाकून लावू नका. मी बोलतोय ते रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या तांबड्या जांभ्याच्या मातीबद्दल.

घाईत असलेल्यांसाठी निदान आधीच सांगतो. बागेला खत कमी पडत नाहीये, माती आंबट झाली आहे. रान उभं असताना जी सुपीकता दिसत होती ती मातीत थोडी आणि झाडांत, पाचोळ्यात जास्त होती. ती पेटवली, राखेच्या जोरावर दोन वर्षं निघाली, उरलंसुरलं पावसाने नेलं. आता मुळंच आखडली आहेत, त्यांना दिलेलं खत घेता येत नाही. म्हणून आधी चुना आणि कुजणारा पाला, खत त्याच्या मागून.

पण चुन्याची गोण आणायला निघण्याआधी थोडं थांबा.

आधी हे नाही ना, ते बघा

काजूत पिवळेपणा दिसला की पहिल्यांदा बुंधा बघायचा. खोड आणि मूळ पोखरणारी अळी लागली तरी पानं पिवळी पडून गळतात, आणि लांबून दोन्ही सारखंच दिसतं. जमिनीलगत खोडावर डिंक आणि चावलेला भुसा दिसला तर प्रश्न मातीचा नाही. त्या झाडाकडे आजच बघा, नाहीतर ते जाईल. ओळखायची सोपी खूण अशी की अळीने पिवळं पडलेलं झाड एकटंदुकटं असतं, बाजूचं हिरवं. मातीने पिवळी पडलेली बाग टप्पेच्या टप्पे पडते.

दुसरं म्हणजे पाणी. टप्पे आतल्या अंगाला झुकते पाडले असतील तर सप्टेंबरपर्यंत आतल्या बाजूला पाणी साचून राहतं आणि तिथली मुळं गुदमरतात. फक्त आतली ओळ पिवळी आणि कडेची ठीक असेल तर आधी चर काढून पाण्याला वाट द्या. तिसरं, तणनाशकाचा फवारा उडालेला असणं. त्यात नवीन पान अरुंद, सुरकुतलेलं येतं, हे डोळ्याला लगेच कळतं.

हे तिन्ही नसेल तर कुदळ घ्या.

मुळं उकरा

पिवळ्या झाडाच्या फांदीचा घेर जिथे संपतो तिथे वीतभर खोल, हातभर लांब चर खणा. घाई न करता, मुळं तुटू न देता. निरोगी काजूची अन्नमुळं पातळ, पुष्कळ फुटलेली, पांढरट टोकाची असतात. आंबट मातीत ती आखूड, जाडसर, तपकिरी टोकाची दिसतात आणि त्यांना बारीक फुटवे जवळपास नसतात. हे अॅल्युमिनियमचं काम. विरघळलेला अॅल्युमिनियम मुळाच्या टोकाशीच वार करतो, टोक वाढायचं थांबतं. मग झाड वरच्या चार बोटांच्या मातीवर जगतं आणि नोव्हेंबरात ती सुकली की पान सोडतं. पिवळेपणा नेमका दिवाळीला का दिसतो, ते इथे कळतं.

माझ्या मते प्रयोगशाळेच्या कागदाआधी हे एक काम केलं तर निम्मं निदान झालं. दुर्दैवाने लोक पानांचे फोटो पाठवतात, मुळांचा कुणी पाठवत नाही.

पानांवरून थोडाफार अंदाज येतो. जुन्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा म्हणजे मॅग्नेशियम कमी. जुन्या पानाची कड करपलेली म्हणजे पालाश. जुनं पान सरसकट फिकट म्हणजे नत्र. शेंड्याची पानं बारीक, गुच्छासारखी म्हणजे जस्त. शेंडाच मरतोय म्हणजे बोरॉन. आंबट मातीत यातली तीन-चार लक्षणं एकाच झाडावर एकदम दिसतात, आणि तीच खरी खूण आहे. एकच अन्नद्रव्य कमी असेल तर ते देऊन भागतं. चार एकदम कमी दिसत असतील तर चारही विकत आणण्यापेक्षा त्यांचा समाईक धागा शोधायचा.

लोहाची फवारणी मात्र कृपा करून विकत घेऊ नका. जांभ्याच्या मातीचा तांबडा रंगच लोहाचा आहे.

रान उभं होतं तेव्हा मातीत काय चाललं होतं

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३,००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आंबोलीला त्याच्या दुपटीहून जास्त, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. अशा पावसात लाखो वर्षं भिजलेल्या खडकातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश आणि सिलिकासुद्धा वाहून गेली. मागे राहिलं ते लोह आणि अॅल्युमिनियम. तोच आपला जांभा. मंडणगड-दापोलीकडच्या काही सड्यांवर (जांभ्याच्या सपाट माथ्यांवर) बॉक्साइट काढतात, ते अॅल्युमिनियमचंच खनिज. म्हणजे अॅल्युमिनियम आपल्या मातीत बाहेरून येत नाही, तो आहेच. सामू (पीएच, म्हणजे मातीच्या आंबटपणाचा आकडा; सातच्या खाली जितका कमी तितकी माती आंबट) साडेपाचच्या वर असेपर्यंत तो खनिजात बांधलेला असतो, मुळांना त्याचा त्रास नसतो. साडेपाचच्या खाली तो सुटायला लागतो, पाचच्या खाली झपाट्याने.

या मातीतली चिकणमाती केओलिनाइट जातीची. अन्नद्रव्यं धरून ठेवायची तिची ताकद फार कमी. हिशेब सेंटिमोल प्रति किलो या एककात करतात: केओलिनाइटचा आकडा ३ ते १५, कुजून तयार झालेल्या ह्यूमसचा २०० च्या घरात. देशावरच्या काळ्या मातीत चिकणमातीच इतकी धरते की ह्यूमस कमी झाला तरी निभतं. आपल्याकडे धरून ठेवायचं काम मुख्यतः ह्यूमसच करतो. तो गेला की मातीला हातच उरत नाहीत.

रानात ऐन, किंजळ, कुंभा, जांभूळ यांची मुळं खोलवर जातात, तिथलं थोडंथोडकं कॅल्शियम-मॅग्नेशियम वर ओढतात, पानांत भरतात, आणि फाल्गुन-चैत्रात पान गळलं की ते पुन्हा जमिनीवर. ऐनाच्या सालीत तर इतकं कॅल्शियम असतं की काही भागांत तिची राख चुन्याऐवजी विड्याला लावत. पाचोळ्याच्या थराखाली मुळांची आणि बुरशीच्या धाग्यांची जाळी असते. पहिल्या पावसात जे सुटतं ते खाली जाण्याआधीच ती उचलते. हे चक्र चालू आहे तोवर निकस जांभ्यावर घनदाट रान उभं राहतं, आणि बघणाऱ्याला वाटतं, काय माती आहे!

तोडल्यावर आणि पेटवल्यावर

आगीत नत्र आणि गंधक बऱ्याच प्रमाणात धुरातून उडून जातं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश आणि थोडं स्फुरद राखेत उरतं. राख अल्कधर्मी, त्यामुळे सामू वर चढतो, अॅल्युमिनियम बांधला जातो, आणि नुकतीच लावलेली कलमं त्या मेजवानीवर वाढतात. ही तुमची पहिली दोन वर्षं.

जुन्या लोकांना हे रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण त्यांची वहिवाट त्यालाच धरून होती. वरकस जमिनीत रान भाजून पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, मग हरीक, म्हणजे दरवर्षी आधीच्यापेक्षा कमी मागणारं पीक, आणि नंतर जमीन काही वर्षं सोडून द्यायची, रान परत वाढू द्यायचं. भाताच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपांसाठी, राब भाजायचे तेही हेच: डोंगरावरच्या कवळातली (तोडलेल्या डहाळ्यांतली) राख एका छोट्या तुकड्यात आणून ओतायची. त्यात डोंगर झिजतो हे खरं आहे, आणि राबाचं कौतुक करायचा माझा हेतू नाही. पण नाचणीवाल्याला ठाऊक होतं की राख दोन-तीन वर्षं पुरते. काजू तीस वर्षं उभी राहायची असते, आणि तिच्या खाली पडीक ठेवायची सोय नाही.

तिसऱ्या वर्षापासून काय होतं? सावली गेल्यामुळे माती तापते, उरलेला ह्यूमस झपाट्याने कुजतो. मृगाच्या पहिल्या सरीला त्यातलं नत्र नायट्रेट होऊन एकदम सुटतं. ते होताना माती आम्ल बनते. रानात ते उचलायला मुळांची जाळी होती. आता सात-सात मीटरवर एकेक कलम. नायट्रेट पाण्याबरोबर खाली निघतं, आणि ते एकटं जात नाही. त्याचा भार ऋण, म्हणून सोबत धनभाराचा जोडीदार लागतोच: कॅल्शियम, मॅग्नेशियम किंवा पालाश. दर पावसाळ्यात ही जोडपी खालच्या झऱ्याला जातात. रिकाम्या झालेल्या जागांवर हायड्रोजन आणि अॅल्युमिनियम बसतात. सामू घसरला की ह्यूमसची धरण्याची ताकदही घसरते, कारण ती सामूवर अवलंबून असते. म्हणजे घसरण स्वतःलाच जोर देत राहते.

ह्यूमस किती जातो? जंगल, कुरणं आणि शेती यांच्या अदलाबदलीवर जगभर झालेल्या अभ्यासांचा एकत्र आढावा २००२ साली गुओ आणि गिफर्ड यांनी मांडला. त्यात नैसर्गिक जंगलाची शेती झाली तिथे मातीतला कर्ब सरासरी ४२ टक्क्यांनी घटला होता. जंगलाच्या जागी लागवडीची झाडं आली तिथे १३ टक्क्यांनी. काजूबाग खरं तर दुसऱ्या गटात बसायला हवी. पण दरवर्षी खालचं गवत खरवडून, पाला गोळा करून पेटवणारी बाग पहिल्या गटाकडे सरकते, असं मला वाटतं.

स्फुरदाचं दुखणं वेगळं. लोह-अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांच्या पृष्ठभागावर स्फुरद घट्ट चिकटतो. पोत्याने दिला तरी त्यातला थोडाच मुळांना मिळतो. ह्यूमसमधली सेंद्रिय आम्लं याच जागा अडवून ठेवतात, म्हणून रानातल्या मातीत हा त्रास कमी जाणवतो.

आणि जेसीबी. टप्पा पाडताना वरची वीतभर काळपट माती बांधाच्या भरावात जाते आणि आतल्या बाजूला खालची लालभडक माती उघडी पडते. त्या मातीत कर्ब नाममात्र, उघडे ऑक्साइड भरपूर. त्यातच खड्डा खणून कलम लावलं जातं. काही ठिकाणी तर खालचा मऊ, ठिपकेदार थर उन्हात वाळून दगडासारखा घट्ट होतो आणि परत भिजवला तरी मऊ होत नाही. चिऱ्याच्या खाणीत काम केलेल्यांना हे सांगायला नको. एकाच बागेत टप्प्याच्या बाहेरच्या कडेची झाडं हिरवी आणि आतली पिवळी असतील, पाणीही साचत नसेल, तर हेच कारण धरून चाला.

खत वाढवल्यावर बाग का बसते

अमोनियाचं किंवा युरियाचं नत्र मातीत नायट्रेट होताना आम्ल सुटतं. अमोनियम सल्फेटमधून दिलेल्या एक किलो नत्राची आम्लता मारायला साधारण ५.३५ किलो शुद्ध चुनखडी लागते. युरियातून दिलं तर १.८ किलो. सात बाय सात मीटरवर हेक्टरी सुमारे २०० झाडं बसतात. झाडाला वर्षाला एक किलो नत्र युरियातून दिलं तर नुसतं आहे तिथे टिकून राहायला दरवर्षी ३६० किलो चुनखडी हवी. अमोनियम सल्फेट वापरत असाल तर हजार किलोच्या वर. हा चुना कुणी टाकत नाही. नत्र दिल्यावर महिनाभर पान हिरवं होतं ते खरंच, आणि त्याच वेळी मुळाखालची माती आणखी थोडी आंबट होते तेही खरंच.

माती तपासताना काय मागायचं

मृदा आरोग्य पत्रिका १९ फेब्रुवारी २०१५ ला सुरू झाली, तिच्यात बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू, विद्युत वाहकता आणि सेंद्रिय कर्ब. चांगली गोष्ट आहे, जरूर काढा. पण आपल्या प्रश्नासाठी जे हवं ते यात नाही: कॅल्शियम, मॅग्नेशियम, विनिमयक्षम अॅल्युमिनियम (मातीच्या कणांना सैल चिकटलेला, मुळांना त्रास देणारा) आणि चुन्याची गरज. प्रयोगशाळेत हे चार शब्द लिहून द्या आणि होतं का ते विचारा. तालुक्याच्या ठिकाणी नसेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. आणखी एक प्रश्न न लाजता विचारायचा: स्फुरद ब्रेच्या पद्धतीने काढला की ओल्सेनच्या? आंबट मातीला ब्रे. ओल्सेन ही अल्कधर्मी आणि उदासीन मातीसाठी बसवलेली पद्धत.

नमुना पूर्ण बागेचा एकत्र करू नका. टप्प्याच्या आतल्या बाजूचा वेगळा, कडेचा वेगळा, आणि शक्य असेल तर शेजारच्या न तोडलेल्या रानातला किंवा देवराईच्या हद्दीबाहेरचा एक. हा तिसरा नमुना मला सर्वात मोलाचा वाटतो, कारण तुमची माती आधी कशी होती ते सांगणारा दुसरा कागद नसतो. फळझाडांसाठी एक फुटापर्यंतचा आणि एक ते दोन फुटांचा असे दोन थर वेगळे घ्या. खत दिल्यावर दोन-तीन महिने नमुना घ्यायचा नाही, राखेचा ढीग होता ती जागा टाळायची. दरवर्षी एकाच महिन्यात घ्या. सामू ऋतूप्रमाणे थोडा हलतो आणि मे महिन्याची तुलना ऑक्टोबरशी केली तर उगाच गोंधळ होतो. जमिनीत खुपसायचे स्वस्त मीटर मिळतात, त्यांच्या आकड्यावर पैसे खर्च करू नका.

उपाय, आणि त्यांचा क्रम

चुन्याचं उद्दिष्ट सामू सातवर नेणं हे नाही. अॅल्युमिनियम बांधला गेला की पुरे, म्हणजे साडेपाच ते सहा. त्याच्या पुढे गेलात तर जस्त, बोरॉन, मँगनीज अडकतात आणि नवीन पिवळेपणा सुरू होतो. विनिमयक्षम अॅल्युमिनियमचा आकडा हातात असेल तर ठोकताळा असा: दर एक सेंटिमोलला हेक्टरी दीड ते दोन टन चुनखडी. दोन टन म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम. दीड मीटर त्रिज्येच्या आळ्याचं क्षेत्रफळ सुमारे सात चौरस मीटर, म्हणून झाडाला १.४ किलो. अॅल्युमिनियमचा आकडा नसेल आणि सामू पाचच्या खाली असेल तर मी आळ्यामागे किलो-सव्वा किलो चुनखडीवर सुरुवात करायला सांगतो. पाच ते साडेपाचमध्ये त्याच्या निम्मं. साडेपाचच्या वर काहीच नाही, तिथे तुमचा प्रश्न दुसरा आहे.

नुसत्या चुनखडीपेक्षा डोलोमाइट घ्या, मॅग्नेशियमही मिळतं. पीठ जितकं बारीक तितकं चांगलं. खडे असलेला माल वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. गोणीतला माल चुनखडीचा म्हणून दिला असेल तर चिमूटभर घेऊन लिंबू पिळा, चांगली फसफसते. डोलोमाइट मंद फसफसतं, जिप्सम अजिबात नाही. किनाऱ्यालगत शिंपल्यांचा भाजलेला चुना मिळतो, तोही चालतो, पण तो जोरकस असतो: शंभर किलो शुद्ध चुनखडीचं काम विरवलेला (भाजल्यावर पाणी घालून भुकटी केलेला) चुना साधारण ७५ किलोत करतो. प्रमाण कमी करा, खोडाला लागू देऊ नका.

वेळ भातकापणीची. माती ओली असते, मुसळधार पाऊस संपलेला असतो. आळ्यात पसरून वरच्या चार-सहा इंचांत हलकं मिसळा. चुना आणि युरिया, किंवा चुना आणि ताजं शेणखत एकत्र टाकलं तर नत्र अमोनिया होऊन हवेत जातं; नाकाला कळतंच. मध्ये तीन-चार आठवडे तरी ठेवा. ऑक्टोबरात चुना दिला आणि नत्र पुढच्या जूनला, तर हा प्रश्न उरत नाही.

चुना खाली फार हळू सरकतो, खालच्या थरापर्यंत पोचायला त्याला बरीच वर्षं लागतात. खालचा थर आंबट असेल, आणि जेसीबीच्या टप्प्यावर तो असतोच, तर जिप्सम उपयोगी पडतं. जिप्सम सामू वाढवत नाही, पण सल्फेटच्या सोबतीने कॅल्शियम खाली नेतं आणि अॅल्युमिनियमचा जोर कमी करतं. चुना वरच्या थरासाठी, जिप्सम खालच्यासाठी. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

पण चुना हे भाड्याने आणलेलं बळ आहे. धरून ठेवायला ह्यूमस नसेल तर त्यातून सुटलेलं कॅल्शियमही हळूहळू पावसाबरोबर जाईल. म्हणून पाल्याकडे जास्त लक्ष द्या. बांधावर गिरीपुष्प लावा. आपल्याकडे उंदीरमारी म्हणतात ती. छाटली की परत फुटते, पाला नत्राने भरलेला, पटकन कुजतो. रानमोडीचं तण माजलं असेल तर फुलायच्या आधी कापून आळ्यात घाला, फुकटचं खत आहे. गवत खरवडू नका, ग्रासकटरने कापून तिथेच पडू द्या; त्याची मुळं जूनमधलं नायट्रेट अडवतात. पावसाळ्यात मधल्या पट्ट्यात ताग किंवा चवळी. काजूचा गळलेला पाला गोळा करून पेटवायची सवय मात्र आजच सोडा. वणव्याची भीती खरी आहे, त्यासाठी हद्दीवर जाळरेषा काढा, आळ्यातला पाला वाचवा.

नत्रासाठी अमोनियम सल्फेट थांबवा, युरिया दोन-तीन हप्त्यांत आणि आषाढाच्या झडी टाळून. पालाशही तुकड्यातुकड्याने. स्फुरद कंपोस्टमध्ये कालवून एका पट्ट्यात द्या, सगळीकडे उधळू नका. रॉक फॉस्फेट (दळलेला स्फुरदाचा दगड) आंबट मातीत विरघळतं आणि स्वस्त पडतं, पण त्याला आम्लताच लागते. त्याच आळ्यात त्याच हंगामात चुना टाकला तर ते दगडासारखं पडून राहील. नवीन लावणीच्या खड्ड्यात रॉक फॉस्फेट, जुन्या झाडाला चुना, असं वाटून घेतलेलं बरं. मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी पान हिरवं करते, मुळं नाही. बोरॉन तपासणीत कमी आलं तरच, आणि सांगितलं तेवढंच: कमी आणि जास्त यांतलं अंतर त्यात फार थोडं आहे.

पहिल्या वर्षी पानांत फारसा बदल दिसणार नाही. दुसऱ्या ऑक्टोबरात परत मुळं उकरा. पांढरी, फुटलेली टोकं दिसली तर मार्ग बरोबर आहे, पान मागून येईल.

खाजणात लावणी केली असेल तर

खाडीकाठची गोष्ट निराळी. कांदळवनाच्या चिखलात गंधक पायराइटच्या रूपात अडकलेलं असतं. बांध घालून पाणी काढलं, माती वाळली, हवा लागली, की त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं आणि सामू चारच्याही खाली जाऊ शकतो. भेगांत फिकट पिवळ्या रेघा दिसल्या तर हेच असण्याची शक्यता जास्त. इथे किलोभर चुन्याने काही होत नाही. पाणी परत चढवून माती ओली ठेवणं हाच स्वस्त उपाय. कांदळवन तोडण्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यभर बंदी घातली आहे, त्यामुळे नवीन तोडीचा विषयच नाही.

अजून तोडलं नसेल तर

परवानगीचे कागद पूर्ण झाल्यावरही सगळं रान एकदम उतरवू नका. उताराला आडवे पट्टे राखा, ऐन-किंजळीचे खुंट जिवंत ठेवा. ते फुटतात आणि त्यांचा पाला दरवर्षी आळ्यात येतो. फांद्या पेटवण्याऐवजी उताराला आडव्या रचा. जेसीबीचे अखंड टप्पे टाळून प्रत्येक कलमापुरता अर्धचंद्राकृती टप्पा हाताने काढा, आणि वरची काळपट माती बाजूला ठेवून तीच खड्ड्यात भरा. मजुरी जास्त जाते. चौथ्या वर्षानंतर चुना, डोलोमाइट आणि मेलेली कलमं परत लावण्याचा खर्च त्याच्यासमोर मांडून बघा.

आणि कातळावर वीतभरही माती नसलेला तुकडा असेल तर तिथे यातलं काहीच करू नका. चुना टाकायलाही माती लागते. तो तुकडा लागवडीतून वगळा, करवंदीची जाळी, धामणीची झाडं येऊ द्या, गुरं आणि कोयता पाच-सात वर्षं बाहेर ठेवा.